जुना अकाई सॅम्पलर आजच्या कॉम्प्युटरला जोडायचा कसा

जुने स्टुडिओ रिकामे होतात तेव्हा त्यांच्या रॅकमधून अकाई या जपानी कंपनीचे सॅम्पलर (आवाजाचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, साठवून तो वाजवणारी यंत्रं) बाहेर येतात. कधी १९८८ सालचा एस१०००, जास्त करून नव्वदच्या दशकातले एस२००० आणि एस३०००एक्सएल. ही यंत्रं हातात पडली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: याला यूएसबी कुठे आहे? ती नाही. मग माणूस जुनी कार्डं, विचित्र केबली आणि बंद पडलेली सॉफ्टवेअर यांच्या मागे लागतो, आणि महिन्याभराने यंत्र पुन्हा कपाटावर जातं.

तसं होऊ नये म्हणून हा लेख. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सॅम्पल पाठवण्यासाठी सॅम्पलर आणि कॉम्प्युटर थेट एका वायरने जोडायचा नाद सोडा. सॅम्पलरला मेमरी कार्डवर चालणारी डिस्क द्या. त्या कार्डवर डिस्कची एक फाइल असते, आणि कॉम्प्युटरला फक्त तेवढी फाइल उघडता आली की पुरे. वाजवण्यासाठी मिडी (कोणता स्वर कधी वाजवायचा ते यंत्राला सांगणारी जोडणी), ऐकण्यासाठी ऑडिओ केबल, आणि सॅम्पलच्या ने-आणीसाठी कार्ड, अशी तीन कामं वेगळी ठेवली की गोंधळ उरत नाही.

मी इथे एस२०००, एस३०००एक्सएल आणि त्यांची भावंडं समोर धरून लिहितोय. एस१०००लाही बहुतेक सगळं लागू पडतं, मात्र त्याला स्कझीचं (डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीचं) कार्ड वेगळं बसवावं लागायचं, तेव्हा तुमच्या यंत्रात ते आहे का ते मागच्या बाजूला बघून घ्या. एस५००० किंवा एस६००० असेल तर तुमचं काम खूप सोपं आहे, कारण ती यंत्रं कॉम्प्युटरच्या साध्या फॅट मांडणीच्या डिस्क आणि वेव्ह (आवाजाच्या नेहमीच्या) फाइल थेट वाचतात. अकाईच्याच एमपीसी२०००एक्सएललाही डॉसच्या फ्लॉपी आणि वेव्ह फाइल चालतात.

हाताशी काय लागेल

- यंत्राचं मॅन्युअल. पीडीएफ चालेल, पण अगदी त्याच मॉडेलचं हवं
- गरज असल्यास स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर
- दोन मिडी केबली आणि चांगल्या कंपनीचा यूएसबी मिडी इंटरफेस
- ऑडिओ इंटरफेस आणि पाव इंची जॅकच्या दोन केबली
- ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी यांपैकी एक बोर्ड (मेमरी कार्ड सॅम्पलरला डिस्क म्हणून दाखवणारा), आणि त्यासाठी मेमरी कार्ड
- तुमच्या यंत्राच्या सॉकेटला बसणारी स्कझी केबल (काही यंत्रांना २५ पिनांचं सॉकेट असतं, काहींना ५० पिनांचं)
- कॉम्प्युटरवर अकाईयुटिल हा अकाईच्या डिस्क उघडणारा मोफत प्रोग्रॅम
- जुन्या फ्लॉपी असतील तर ग्रीसवीझल बोर्ड आणि कॉम्प्युटरचा जुना साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह

केबल, जंपर, ट्रान्सफॉर्मर अशा वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातात. स्कझीचे बोर्ड मात्र बहुधा बाहेरून मागवावे लागतात. कस्टम ड्यूटी धरून बजेट करा.

१. प्लग लावण्याआधी मागचं लेबल वाचा

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. जपानमधल्या विक्रीसाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२०चं. यंत्राच्या मागे, वीजवायरच्या सॉकेटजवळ हा आकडा छापलेला असतो. तो २२० ते २४० नसेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय बटणाला हातही लावू नका.

प्रवासात वापरतात ते पिन बदलायचे अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाहीत, फक्त पिनांचा आकार बदलतात. यंत्र जळण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. ट्रान्सफॉर्मर घेताना लेबलवर लिहिलेल्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या आणि तो ऑडिओच्या केबलींपासून दूर ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये सतत घूं ऐकू येईल.

२. जुना माल आधी वाचवा

यंत्राबरोबर फ्लॉपी आल्या असतील तर बाकी काहीही करण्याआधी त्यांची प्रत काढा. त्या फ्लॉपींवर कुणाच्या तरी हातची ढोलकी, कुणाचा तरी आवाज असेल, आणि तो दुसरीकडे कुठेही नसेल. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची वाटते ती हीच पायरी.

बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे उपयोगाचा नाही. तो कॉम्प्युटरच्या ७२० केबी आणि १.४४ एमबीच्याच फ्लॉपी ओळखतो. अकाई त्याच फ्लॉपीवर वेगळ्या मापाने लिहितो: एका सेक्टरमध्ये ५१२ ऐवजी १०२४ बाइट. त्यामुळे साध्या फ्लॉपीवर ८०० केबी आणि एचडी फ्लॉपीवर १६०० केबी बसतात. ग्रीसवीझल हा छोटा बोर्ड जुन्या फ्लॉपी ड्राइव्हला ३४ तारांच्या पट्टी केबलने जोडतात, दुसरं टोक यूएसबीला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अकाईचे ८०० आणि १६०० हे दोन्ही प्रकार तयार आहेत. प्रकार सांगायचा, आणि एका फ्लॉपीची एक इमेज फाइल, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बनते.

वाचण्याआधी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटाने बाजूला सरकवून आतली तबकडी उजेडात फिरवून बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या फ्लॉपीवर पांढुरके, कोळ्याच्या जाळ्यासारखे ठिपके दिसतात. ती बुरशी. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घाण होतं आणि त्यानंतरच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडल्या जातात. बुरशीवाल्या वेगळ्या काढा, बाकीच्या आधी उरका.

अकाईची फ्लॉपी, डिस्क किंवा सॅम्पल सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की कॉम्प्युटर ती ओळखत नाही आणि ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो. उत्तर नेहमी ‘नाही’. डिस्क रिकामी नसते, कॉम्प्युटरला तिची मांडणी कळत नसते एवढंच.

३. मिडी आणि ऑडिओ: आधी एक स्वर वाजू द्या

ही पायरी सोपी आहे. इंटरफेसचा मिडी आउट सॅम्पलरच्या मिडी इनमध्ये, सॅम्पलरचा आउट इंटरफेसच्या इनमध्ये. सॅम्पलरचा डावा-उजवा आउटपुट ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये. माइकच्या इनपुटमध्ये लावलंत तर आवाज फाटेल.

सॅम्पलरमधल्या प्रोग्रॅमचा (कोणत्या स्वराला कोणतं सॅम्पल वाजेल याची मांडणी) मिडी चॅनल आणि तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचा चॅनल एकच ठेवा. एस२०००ला मल्टीमध्ये (अनेक प्रोग्रॅम एकत्र वाजवायच्या मोडमध्ये) एकाच वेळी सोळा भाग वेगवेगळ्या चॅनलवर ठेवता येतात, पण सुरुवातीला एकच प्रोग्रॅम, एकच चॅनल. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. ऑक्टोपॅडमधून मिडी काढून सॅम्पलरवर आवाज वाजवणं हे याच जोडणीचं रूप आहे.

सॉफ्टवेअरमधून स्वर गेल्यापासून आवाज परत येईपर्यंत थोडा उशीर होतो. एक टिकटिक पाठवून ती रेकॉर्ड करा, मूळ जागेपासून किती सरकली ते बघा आणि तेवढं अंतर ट्रॅकच्या सेटिंगमध्ये कायमचं भरून टाका.

४. मिडीवरून सॅम्पल पाठवावं का?

पाठवता येतं, त्यासाठी सॅम्पल डंप नावाची जुनी पद्धत आहे. पण त्याचं गणित बघा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे ३,१२५ बाइट. डंपच्या एका पाकिटात १२७ बाइट असतात आणि त्यात १६ बिटांची फक्त ४० सॅम्पल (इथे अर्थ आवाजाचे एकेक आकडे) मावतात. सगळं सुरळीत चाललं तरी सेकंदाला हजाराच्या आत सॅम्पल जातात. ४४.१ किलोहर्ट्झच्या एका सेकंदाच्या मोनो आवाजाला साधारण ४५ सेकंद लागतात. चार सेकंदांचा लूप म्हणजे तीन मिनिटं, आणि तो स्टीरिओ असेल तर सहा.

एखादा टाळीचा किंवा थापेचा आवाज पाठवायचा असेल तर हरकत नाही. अशा वेळी दोन्ही मिडी केबली जोडलेल्या हव्यात, कारण सॅम्पलर प्रत्येक पाकिटाची पोच परत पाठवतो. सॅम्पलरमधला एक्सक्लुसिव्ह चॅनल आणि सॉफ्टवेअरमधला चॅनल जुळवा. सगळ्यात स्वस्त यूएसबी मिडी केबली इथे दगा देतात: स्वर नीट जातात, पण लांब सिसेक्स संदेश (डंप याच प्रकारच्या संदेशांनी जातो) मध्येच तुटतो. डंप दर वेळी वेगळ्याच जागी अडकत असेल तर यंत्रावर संशय घेण्याआधी इंटरफेस बदलून बघा.

५. स्कझी समजून घ्या, मग केबल लावा

इथे घाई करू नका. स्कझी ही त्या काळची हार्डडिस्क, सीडी ड्राइव्ह आणि झिप ड्राइव्ह जोडायची पद्धत. एका साखळीत आठ उपकरणं बसतात आणि प्रत्येकाला ० ते ७ मधला स्वतःचा आकडा, म्हणजे आयडी असते. नियम मोजकेच आहेत, पण एकही मोडून चालत नाही.

दोन उपकरणांची आयडी एकच नको. अकाईच्या अनेक सॅम्पलरची स्वतःची आयडी मुळात ६ असते, म्हणून डिस्कला ५ द्या. स्कझीचा झिप ड्राइव्ह असेल तर त्यावर ५ आणि ६ एवढेच पर्याय असतात. तिथे ६ ठेवली की दोघं एकमेकांवर आदळतात, आणि सॅम्पलरला काहीच दिसत नाही.

साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावलेला रोध) हवं, मधे कुठेही नको. सॅम्पलर हे एक टोक, तुमचा कार्डचा बोर्ड दुसरं. बोर्डवर टर्मिनेशन चालू-बंद करायची सोय असते, ती चालू ठेवा. टर्मिनेशन चुकलं की डिस्क दिसते, लहान फाइल सेव्ह होते, आणि मोठी फाइल सेव्ह करताना मात्र यंत्र गोठतं. असं अर्धवट चालणं पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण खराब झालेला डेटा कळतो तो खूप उशिरा.

चालू यंत्रात स्कझीची केबल काढू-घालू नका. आधी बोर्डला वीज, मग सॅम्पलर चालू.

केबल विकत घेताना नीट बघा. २५ पिनांची स्कझी केबल आणि जुन्या प्रिंटरची केबल टोकाकडून सारखीच दिसतात. झिप ड्राइव्हही दोन्ही प्रकारांत यायचे. विकणाऱ्याला बहुधा फरक माहीत नसतो. प्रिंटरची केबल सॅम्पलरला लावली तर काम होत नाहीच, शिवाय पोर्टचं नुकसान होऊ शकतं.

आणि हो, कॉम्प्युटरमध्ये जुनं स्कझी कार्ड बसवायचा सल्ला अजूनही कुणी कुणी देतात. एके काळी अकाईचं मेसा हे सॉफ्टवेअर स्कझीवरून सॅम्पलरशी बोलायचं आणि ते छान होतं. पण आजच्या मॅकवर किंवा विंडोजवर ते चालत नाही. यूएसबीतून स्कझी काढणारे जुने अडॅप्टर ६४ बिटी विंडोजच्या ड्रायव्हरवर अडतात. तुमच्याकडे त्या काळचा चालू मॅक असेल तर जरूर वापरा, नसेल तर त्यावर पैसे घालू नका.

६. कार्ड तयार करा

ब्लूस्कझी आणि झुलूस्कझी दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात. मेमरी कार्डवर ठेवलेली एक फाइल ते सॅम्पलरला हार्डडिस्क म्हणून दाखवतात.

कार्ड फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यावर ४८० एमबीची एक रिकामी फाइल बनवा. विंडोजमध्ये एफएसयुटिल आणि मॅक किंवा लिनक्समध्ये डीडी ही कमांड हे काम करते. फाइलचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत एचडी, लगेच आयडीचा आकडा ५, त्यानंतर शून्य, आणि शेवटी एचडीए हे एक्स्टेन्शन. नावातल्या आकड्यावरूनच बोर्डला आयडी कळते, म्हणून ते जसंच्या तसं हवं.

४८० का, तर अकाईचा एक पार्टिशन (डिस्कचा एक कप्पा) जास्तीत जास्त ६० एमबीचा असतो आणि असे आठ त्यात नेमके बसतात. १२८ जीबीचं कार्ड आहे म्हणून मोठी फाइल बनवायचा मोह आवरा. एस२०००ची मेमरी विकत घेताना २ एमबी असायची आणि वाढवून वाढवून ३२ एमबी होते. ४८० एमबी भरायला तुम्हाला वर्षं लागतील. आणखी जागा हवीच असेल तर दुसऱ्या आयडीची दुसरी फाइल ठेवा.

अकाईच्या जुन्या सॅम्पल सीडी असतील तर त्यांच्या इमेज काढून सीडी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाने त्याच कार्डवर ठेवता येतात. सॅम्पलरला त्या सीडी ड्राइव्हमध्ये असल्यासारख्या दिसतात.

कार्ड बोर्डमध्ये घाला, सॅम्पलर चालू करा, डिस्कच्या पानावर जाऊन हार्डडिस्कची आयडी ५ करा. बोर्डचा दिवा पेटतच नसेल तर घाबरू नका. काही सॅम्पलर स्कझीच्या केबलमधून वीज देत नाहीत. बोर्डला यूएसबीने वेगळी वीज द्या. मग फॉरमॅट. पार्टिशनचा आकार ६० ठेवा. फॉरमॅट सॅम्पलरनेच करायचं, कॉम्प्युटरने नाही.

७. फाइल उघडा, वेव्ह आत घाला

आधी सॅम्पलरमध्ये एखादा आवाज रेकॉर्ड करून डिस्कवर सेव्ह करा. यंत्र बंद करा, कार्ड कॉम्प्युटरमध्ये घाला आणि अकाईयुटिलने ती एचडीए फाइल उघडा. हा प्रोग्रॅम माउसने चालत नाही, कमांड टाइप कराव्या लागतात. पण फोल्डरमध्ये शिरणं आणि यादी बघणं एवढं जमलं की बाकीचं त्याच्या हेल्पमध्ये सापडतं. डिस्क, तिच्यात ए, बी, सी असे पार्टिशन, त्यांत व्हॉल्यूम (फोल्डरसारखे कप्पे), आणि व्हॉल्यूममध्ये सॅम्पल व प्रोग्रॅम अशी उतरंड दिसेल. तुम्ही सेव्ह केलेलं सॅम्पल त्या यादीत दिसलं की सगळा मार्ग मोकळा झाला.

बाहेर काढताना सॅम्पलचं वेव्ह होतं, आत घालताना वेव्हचं सॅम्पल. आत घालताना एस९००, एस१००० की एस३००० या पद्धतीचं हवं ते सांगावं लागतं. एस३०००च्या घराण्यातली यंत्रं एस१०००चं वाचतात, उलटं होत नाही. दोन्ही यंत्रं असतील तर एस१०००चा प्रकार निवडा.

वेव्ह फाइल आधीच तयार करून घ्या: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो. आजची सॉफ्टवेअर न विचारता २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ देतात, तिथे लक्ष ठेवा. अकाईत स्टीरिओ आवाज म्हणजे डाव्या-उजव्या बाजूची दोन मोनो सॅम्पल असतात, नावाच्या शेवटी एक रेघ आणि एल किंवा आर हे अक्षर. नावाला एकूण बारा जागा, त्यातही मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकीच चिन्हं चालतात. एल-आरच्या दोन जागा गेल्या की दहा उरतात. लांबलचक नावं आपोआप कापली जातात आणि ‘ढोलकी थाप मोठी’ व ‘ढोलकी थाप मध्यम’ यांचं एकच नाव होऊन बसतं. म्हणून आधीच आखडती नावं ठरवा.

सॅम्पलरमधला प्रोग्रॅम सॅम्पलला नावानेच ओळखतो. कॉम्प्युटरवर बसून नावं नीटनेटकी करायला गेलात, तर प्रोग्रॅम उघडेल पण मुका राहील. नावं बदलायची असतील तर प्रोग्रॅम बनवण्याआधी.

मेमरीचा अंदाज घ्या. मोनो आवाजाच्या एका सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात. २ एमबीत जेमतेम २३ सेकंद बसतात, ३२ एमबीत सहा मिनिटांहून थोडं जास्त. लूपच्या आधीची-नंतरची शांतता कापून टाका, बरीच जागा वाचते. कार्ड काढताना कॉम्प्युटरवर इजेक्ट करूनच काढा.

८. स्कझीच नसेल तर: गोटेक

एस९००सारखी जुनी यंत्रं, किंवा स्कझी कार्ड न बसवलेली, यांच्यासाठी फ्लॉपी ड्राइव्ह काढून तिथे गोटेक बसवा. तो पेन ड्राइव्हवरच्या फ्लॉपी इमेज यंत्राला दाखवतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) घाला आणि त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये होस्टच्या जागी अकाई लिहा. दुसऱ्या पायरीत ग्रीसवीझलने काढलेल्या इमेज इथे जशाच्या तशा चालतात. छोटा स्क्रीन असलेला गोटेक घ्या, नुसत्या आकड्यांवरून फ्लॉपी शोधणं फार जिकिरीचं होतं.

यंत्र उघडण्याआधी वायर भिंतीतून काढून काही वेळ थांबा. पॉवर सप्लाय आत उघडाच असतो आणि त्यातले कपॅसिटर वीज धरून ठेवतात. पट्टी केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे. यंत्राने ड्राइव्ह ओळखला नाही तर गोटेकवरचा एस-झीरोचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) एस-वनवर नेऊन बघा, बाकी काही हलवू नका.

एन्सोनिक या दुसऱ्या कंपनीच्या ईपीएस आणि एएसआर-१० सॅम्पलरवाल्यांना एक सूचना: ही यंत्रं ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉपीवरून घेतात. मूळ फ्लॉपीची इमेज हातात आल्याशिवाय जुना ड्राइव्ह काढू नका.

९. अडलंच तर या क्रमाने तपासा

डिस्क दिसतच नाही: बोर्डला वीज, दोन्ही आयडी, फाइलचं नाव, केबल.

डिस्क दिसते पण सेव्ह करताना अडकते: टर्मिनेशन, केबलची लांबी, मग दुसऱ्या कंपनीचं कार्ड.

सॅम्पल लोड होतं पण वाजत नाही: मिडी चॅनल, आणि प्रोग्रॅममधलं नाव सॅम्पलच्या नावाशी जुळतंय का.

सॅम्पल चुकीच्या उंचीत वाजतं: वेव्ह ४८ किलोहर्ट्झची राहून गेली आहे, किंवा मूळ स्वर चुकीचा नोंदला आहे.

काल केलेलं काम आज नाही: यंत्र बंद झालं की मेमरीतलं सगळं जातं, सेव्ह केलेलंच उरतं. प्रत्येक प्रोग्रॅम पूर्ण झाला की लगेच सेव्ह करा, आणि आठवड्याला ती ४८० एमबीची फाइल तारीख घालून कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. कार्ड बिघडलं तर नव्या कार्डवर तीच फाइल टाकायची, सॅम्पलरला फरक कळत नाही.